मातीचें देणें

शाळेच्या वार्षिक अंकासाठीं कांहीं लिहून द्यावें, असा संपादक-मंडळाचा निरोप आला, तेव्हां कोणता विषय घ्यावा हा विचार आमच्या मनांत बरेच दिवस घोळत होता. थोरांचीं चरित्रें, प्रवासाचीं वर्णनें, परीक्षेंत यश मिळविण्याचे उपाय, हे विषय आमच्याहून समर्थ लेखण्यांतून उतरतील, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आम्हीं आयुष्यभर याच शाळेंत विज्ञान शिकविलें. आणि इतरांस शिकवितां शिकवितां ज्या एका गोष्टीनें आम्हांसच धडा दिला, ती येथें सांगावी, असें अखेर ठरविलें. गोष्ट आमच्या घरची आहे, आणि तिचा विषय आहे माती.

आमचें गांव सोलापूर जिल्ह्यांतील सांगोला तालुक्यांत. पाऊस थोडा, माणसें काटक, आणि जमीन कोठें मुरमाड तर कोठें चुनखडीची. सन १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां आम्ही आठ वर्षांचे होतों. आमचे वडील, ज्यांना सारें घर आप्पा म्हणे, दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात असत. तेथें त्यांना खोकला जडला आणि तो कांहीं केल्या जाईना. एके दिवशीं खोकल्याबरोबर रक्त पडलें. आईनें तें पाहिलें, पदराला डोळे पुसले, आणि मिळेल त्या वाहनानें त्यांना मिशनच्या इस्पितळांत नेलें. क्षय ठरला. मग गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यांच्या जोडीला रोज एक इंजेक्शन.

एके दिवशीं आप्पांनीं डॉक्टरांना विचारलें, "साहेब, एवढ्याशा बाटलींत असतें तरी काय?" डॉक्टर हंसून म्हणाले, "मातीच असते म्हणा ना! मातींतल्या एका जंतूपासून हें औषध निघालें आहे. जिच्यांत तुम्ही जन्मभर राबलां, तिनेंच तें तुम्हांला पाठविलें असें समजा." आप्पांनीं हें बोलणें मनावर घेतलें. बरे होऊन घरीं आल्यावर पहिल्या दिवशीं ते शेतांत गेले, चिमूटभर माती उचलून त्यांनीं कपाळाला लाविली, आणि मगच विहिरीकडे वळले. पुढें ते एकतीस वर्षें जगले. आमच्या शेतांत डाळिंबाचीं पहिलीं झाडें त्यांनींच आपल्या हातांनीं लाविलीं.

डॉक्टरांनीं थट्टा केली नव्हती, हें आम्हांस कॉलेजांत गेल्यावर कळलें. त्या औषधाचें नांव स्ट्रेप्टोमायसिन. सन १९४३ मध्यें अमेरिकेंतील रटगर्स येथें सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शॅट्झ नांवाचा एक तरुण विद्यार्थी मातींतील जंतु तपाशीत होता. भरपूर खत घातलेल्या एका शेताच्या मातींतून त्याला असा एक जीव मिळाला कीं, ज्याच्या अंगच्या द्रव्यानें क्षयाच्या जंतूची वाढ थांबत असे. पेनिसिलिननें क्षयापुढें हात टेकले होते. या औषधानें मात्र असंख्य घरें वांचविलीं. सन १९५२ मध्यें वॅक्समन यांना नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या महाराष्ट्राची मातीहि या कामीं मागें राहिली नाहीं. पुण्याजवळ पिंपरी येथें सन १९५४ मध्यें पेनिसिलिन तयार करणारा सरकारी कारखाना निघाला. तेथील शास्त्रज्ञांना मातींतील ज्या एका जंतूपासून हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध मिळालें, त्याला स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना असें त्या गांवाचेंच नांव दिलेलें आहे.

आतां गोष्टीचा दुसरा भाग. आप्पा गेले, त्याच सुमारास आमच्या भागांतील डाळिंबांवर तेल्या रोग आला. हा रोगहि जंतूंचाच. पानांवर व फळांवर तेलकट डाग पडतात, ते काळे होतात, आणि भरलेलें फळ झाडावरच तडकतें. पावसाळी दमट हवेंत तो वणव्यासारखा पसरतो. त्या वर्षांत कित्येकांनीं रडत रडत उभ्या बागा उपटून टाकिल्या. आमच्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, बाग उपटली नाहीं. त्यांनीं फवारणी वाढविली. मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण तर होतेंच. त्याच्या जोडीला लहान पुड्यांतून मिळणारी एक पांढरी भुकटी ते पंपांत घालूं लागले. आम्ही सुटींत गांवीं जात असूं, बागेंतून हिंडत असूं, डाळिंबें खात असूं. पण त्या पुडीवर काय लिहिलें आहे, तें पाहण्याचें आमच्यासारख्या विज्ञानाच्या शिक्षकास पंधरा वर्षांत एकदांहि सुचलें नाहीं.

सन २०२१ च्या ज्येष्ठांत आम्ही बागेंत एका जुन्या झाडाखालीं बसलों होतों. सहज हात खालीं टेकला, तर गेल्या बहाराचीं पानें जशींच्या तशीं पडलेलीं! तीं वाळलीं होतीं, चुरलीं होतीं, पण कुजलीं नव्हतीं. लहानपणीं याच जागीं ओल्या मातींतून गांडुळें काढून आम्ही ओढ्यावर मासे धरावयास जात असूं. मूठभर गांडुळांस चार कुदळी पुरत. आम्हीं कुदळ मागविली आणि फूटभर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा काढला. ठिबकाच्या पाण्यानें माती ओली होती. पण एकहि गांडूळ निघालें नाहीं. मग बांधावरच्या कडुनिंबाखालीं तेवढाच खड्डा घेतला. तेथें अकरा निघालीं.

आम्ही घरीं आलों आणि कोनाड्यांतील पुडी उचलून वाचली. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन व एक भाग टेट्रासायक्लिन! ज्या औषधानें आप्पा वांचले, तेंच आमच्या बागेंत आम्ही पंपानें शिंपीत होतों.

दादांशीं बोलणें झालें, तें गोडीचें झालें नाहीं. ते म्हणाले, "तुझा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. माझा पगार या झाडावर टांगलेला असतो, आणि तेल्या आला कीं आठ दिवसांत खालीं पडतो. औषध मारूं नको म्हणतोस, तर मग काय करूं, तेंहि सांग." आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. उत्तर नसतांना उपदेश करणें हा शिक्षकांचा जुना दोष आहे. त्या दिवशीं तो आमच्या पदरांत पुरा पडला.

तथापि आम्हीं एक प्रयोग केला. मांजरपाटाच्या वीतभर पट्ट्या कापून त्या बागेंत, बांधावर आणि घरामागच्या परसांत वीतभर खोल पुरल्या, आणि खुणेला काठ्या रोंविल्या. सुती कापड हें मातींतील जीवांचें अन्न आहे. माती जिवंत असेल तर तें कुजतें. दोन महिन्यांनीं पट्ट्या काढिल्या. बांधावरच्या पट्टीचे नुसते दोरे राहिले होते, परसांतील पट्टीची चाळण झाली होती, आणि बागेंतली पट्टी अशी धड होती कीं, धुऊन तिच्यांत भाकरी बांधून न्यावी!

विद्यार्थिमित्रांनो, एवढ्या प्रयोगावरून आम्हीं एकदम निकाल दिला असेल, अशी समजूत करून घेऊं नका. बागेंत तणनाशकहि मारलें होतें, शेणखत कमी पडत होतें, ठिबकाखालीं क्षार सांठले होते. माती निर्जीव होण्यास हीं कारणेंहि पुरतात. एका खड्ड्यानें आणि एका चिंधीनें अपराधी ठरत नाहीं. पण त्या चिंधीनें आम्हांस पुस्तकांकडे धाडलें; तेथें जें वाचलें, तें थोडक्यांत सांगतों.

चिमूटभर सकस मातींत कोट्यवधि जंतु असतात. त्यांतील कोणी पालापाचोळा कुजवितात, कोणी हवेंतील नत्र बांधून पिकांस देतात, कोणी अमोनियाचें नायट्रेट करितात. त्यांच्यावर बुरशा, सूत्रकृमि, बारीक किडे आणि गांडुळें यांचा प्रपंच चालतो. डार्विननें सन १८८१ मध्यें गांडुळांवर एक सबंध पुस्तक लिहिलें. इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं एका एकरांत दरसाल दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून जाते, असा त्याचा हिशेब होता. नांगराच्या आधीं जमीन नांगरणारा हा गडी आहे.

प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, हें अशा या वस्तींत पडलें म्हणजे काय होतें? माणसाच्या शरीरांत तें वैऱ्यावर सोडलेलें असतें. मातींत वैरी आणि मित्र एकाच वाड्यांत राहतात. मातींतील जंतु हीं द्रव्यें स्वतःहि करतात, पण तीं अगदीं अल्प व अगदीं जवळच्या जागेपुरतीं. पंपानें आलेलें औषध साऱ्या शेतावर पडतें. स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन हीं चिकणमातीच्या कणांस धरून बसतात. त्यामुळें त्यांचा जोर कमी होतो खरा, परंतु तीं लवकर निघूनहि जात नाहींत. जे जंतु त्यांस बळी पडतात ते घटतात आणि ज्यांना औषध पचवितां येतें ते वाढतात. ही पचविण्याची विद्या जंतु केवळ आपल्या संततीलाच देतो असें नाहीं. शेजारच्या निराळ्या जातीच्या जंतूलाहि देऊं शकतो. शेतांतील निरुपद्रवी जंतूकडून ती कधीं रोगाच्या जंतूकडे गेली, तर इस्पितळांतील बाटली निकामी होते. सन २०२१ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें या मिश्रणाचा शेतींतील वापर टप्प्याटप्प्यानें बंद करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला, तो याच भीतीनें.

आतां तांब्याचा हिशेब पाहूं. मोरचुदाच्या वजनाचा सुमारें चवथा भाग तांबें असतें. एक टक्का बोर्डो मिश्रणांत १०० लिटर पाण्यास एक किलो मोरचूद लागतो. एकरीं ४०० लिटर फवारा धरला तर चार किलो मोरचूद, म्हणजे एक किलो तांबें एका एकरावर पडलें. हेक्टरीं अडीच किलो झालें. अशा दोन फवारण्या केल्या कीं पांच किलो. युरोपांत सेंद्रिय शेतीस सात वर्षांत मिळून हेक्टरीं २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो तांब्याची मुभा आहे. दादांच्या फवारण्या एका बहारांत किती होत, हें येथें न लिहिलेलें बरें. औषध कालांतरानें विघटित होतें. तांबें हें मूलद्रव्य आहे, तें कुजत नाहीं, जळत नाहीं, वरच्या वीतभर मातींत सांठत जातें. पिकांना व जीवांना तें लेशमात्र हवें असतें. लेशाचा लोंढा झाला म्हणजे तेंच विष होतें. आपल्याकडील चुनखडीच्या जमिनींत तें घट्ट बांधलें जाऊन त्याची धार कमी होते, हें भाग्यच म्हणावयाचें. आम्लधर्मी जमिनींत तें अधिक जाचक ठरतें.

याची दोन उदाहरणें आमच्या मनांतून जात नाहींत. इंग्लंडांत वोबर्न येथील प्रयोगशेतांत सन १९४२ पासून १९६१ पर्यंत शहरी सांडपाण्याचा गाळ खत म्हणून घातला. त्यांत जस्त, तांबें, कॅडमियम असे धातु होते. गाळ घालणें बंद होऊन वीस वर्षें लोटल्यावर माती तपासली, तेव्हां शेणखत घातलेल्या जमिनीच्या मानानें तींत जंतूंचा भार सुमारें निम्माच होता. त्या मातींत क्लोव्हर हें आपल्या लसूणघासाच्या वर्गांतलें पीक पेरलें. मुळांवर गांठी आल्या, पण त्या गांठींतील जंतु नत्र बांधीनात. नत्र बांधणारे मरून गेले होते. जे तग धरून राहिले ते कामाचे नव्हते. दुसरें उदाहरण ब्रिस्टलजवळच्या एव्हनमथचें. तेथें जस्त व शिसें गाळणारी भट्टी होती. ती सन २००३ मध्यें बंद झाली. भट्टीच्या अगदीं जवळच्या मातींत गांडुळें आढळत नव्हतीं, आणि झाडांखालीं न कुजलेल्या पानांचे थर सांचले होते. हें वाचलें तेव्हां आमच्या बागेंतलीं तीं पानें आमच्या डोळ्यांपुढें आलीं.

धातु आणि औषध यांचें सख्य तर याहून घातक आहे. तांबें पचविण्याची विद्या आणि प्रतिजैविक पचविण्याची विद्या जंतूच्या अंगीं पुष्कळदां एकाच सूत्रांत गुंफलेल्या असतात. म्हणून औषध बंद केलें तरी मातींत तांबें आहे तोंवर तें दुसऱ्या विद्येचेंहि रक्षण करीत राहतें. कोंबडीखताचीहि हीच कथा. कोंबड्यांच्या खाद्यांत तांबें व जस्त घालतात आणि त्यांतलें बहुतेक विष्ठेंतून बाहेर पडतें. औषधें दिलीं असतील तर त्यांचाहि अंश येतो. कोलिस्टिन हें माणसाच्या कठीण दुखण्यांतील शेवटच्या उपायांपैकीं एक औषध. पशुपक्ष्यांच्या खाद्यांत तें घालण्यास आपल्या सरकारनें सन २०१९ च्या जुलैंत मनाई केली. खत नीट तापवून कुजविलें तर त्यांतील कित्येक औषधें नाहींशीं होतात. धातु मात्र राहतात.

हें सर्व आम्हीं दादांस हळूहळू सांगितलें. वोबर्नची हकीकत त्यांना फारशी पटली नाहीं. पण पुडीवरील नांव आप्पांच्या बाटलीवरचें आहे, हें कळलें तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "अर्धा एकर तुझ्या हवालीं करतों. बुडालें तर तुझ्या पेन्शनींतून भरून दे." आम्हीं होकार दिला.

पहिल्या वर्षीं खरोखरच बुडालें. निम्मीं फळें तडकलीं, आणि आम्हीं बोलल्याप्रमाणें पैसे भरले. आमच्या घरांत यावरून काय बोलणीं झालीं, तें वाचकांनीं तर्कानें जाणावें. दुसऱ्या वर्षीं पावसांत सांपडणारा मृग बहार सोडून हस्त बहार धरला. झाडांना पुरती विश्रांति दिली. रोगट फांद्या डागाच्या बऱ्याच खालीं कापून जाळल्या, प्रत्येक कापणीनंतर कात्री धुतली, गळलेलीं फळें वेंचून नेलीं. ताग पेरून गाडला, चांगलें कुजलेलें शेणखत घातलें, आणि वर ऊंसाचें पाचट पसरलें. मोरचूद अगदीं नडीला, मोजून वापरला. ती पांढरी पुडी मात्र पुन्हां आणिली नाहीं. पीक मध्यम आलें, पण खर्च कमी झाल्यामुळें हातांत चार पैसे राहिले. तिसऱ्या वर्षीं दादांनीं आपण होऊन आणखी एक एकर तसाच ठेविला.

सन २०२४ च्या पावसाळ्यांत आम्हीं पुन्हां मांजरपाटाची पट्टी पुरली. दोन महिन्यांनीं ती निम्मी कुजलेली निघाली. फूटभर खड्ड्यांत चार गांडुळें होतीं. बांधावरच्या अकरांपुढें चार हा आकडा लहान आहे. पण शून्यापुढें तो लहान नाहीं. तांबें तेथेंच आहे. तें आमच्या नातवंडांनाहि भेटेल. जें घातलें तें काढून घेतां येत नाहीं. पुढें घालावयाचें थांबवितां येतें, एवढेंच आपल्या हातीं आहे.

बालमित्रांनो, तुमच्यापैकीं सर्वांच्या घरीं शेती नसेल. पण माती सर्वांच्या दाराशीं आहे. डॉक्टरांनीं दिलेलीं प्रतिजैविकें सांगितलीं तशीं व तितकेच दिवस घ्या. सर्दीपडशाला आपल्या मनानें घेऊं नका. आणि उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर वा मोरींत टाकूं नका. विजेरीचे जुने सेल खताच्या खड्ड्यांत जाऊं देऊं नका; त्यांतील धातु तुमच्याच भाजींत परत येऊं शकतात. पालकांसहि आमची एक विनंति आहे. शेतांत जें जें शिंपाल, त्याची पुडी फोडण्यापूर्वीं ती एकदां मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्या. आम्हीं पंधरा वर्षें वाचली नाहीं, त्याची किंमत आम्हीं मोजली आहे.

शेवटीं, येत्या पावसाळ्यांत प्रत्येक वर्गानें शाळेच्या बागेंत मांजरपाटाची एक पट्टी पुरावी, आणि दोन महिन्यांनीं काय निघालें तें पुढील अंकांत लिहावें, अशी आमची सूचना आहे. पट्टी न ओळखण्याइतकी कुजली, तर त्या वर्गानें आनंद मानावा. मातीनें आमच्या आप्पांना एकतीस वर्षें दिलीं. तें देणें अजून फिटलेलें नाहीं. अर्धा एकर आणि चार गांडुळें, एवढाच त्याचा पहिला हप्ता आम्हांकडून पोहोंचला आहे.